व्यसनमुक्तीचे पहिले महिने आणि मित्रमंडळी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नशा सोडून ज्यांना अजून वर्ष झालेलं नाही त्यांच्यासाठी आणि त्यांच्या जवळच्या माणसांसाठी ही उत्तरं आहेत. सोयीसाठी बहुतेक ठिकाणी ‘दारू’ म्हटलं आहे. इतर पदार्थांच्या बाबतीत जिथे फरक पडतो तिथे तो वेगळा सांगितला आहे.

दारू सोडली की सगळे जुने मित्र सोडावेच लागतात का?

सगळे नाही. काही कायमचे सुटतात, काहींना काही महिने लांब ठेवावं लागतं, आणि काहींशी मैत्री टिकते पण भेटण्याची जागा आणि वेळ बदलावी लागते.

गडबड होते ती टोकाला गेल्यामुळे. काही जण व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आल्या दिवशी फोनमधले सगळे नंबर उडवतात, महिनाभरात पुरते एकटे पडतात, आणि मग त्या एकटेपणाला कंटाळून जुन्याच अड्ड्यावर जाऊन पोचतात. दुसरे काही ‘मन घट्ट असलं की झालं, मित्रांचा काय संबंध’ असं म्हणत पहिल्याच शनिवारी त्याच टोळक्यात सोडा घेऊन बसतात. दोन्हींत फसण्याची शक्यता मोठी. म्हणून आम्ही क्रम असा सांगतो : एखादं नातं तोडण्याआधी, न पिणारा आणि तुमचा फोन उचलणारा निदान एक माणूस नक्की करा. मोकळी पडलेली संध्याकाळ कोणाबरोबर जाणार हे ठरलेलं नसेल, तर नुसती तोडातोड फार दिवस टिकत नाही.

मित्रांचा एवढा परिणाम होतोच कसा? शेवटी ग्लास तर मीच उचलतो.

ग्लास तुम्हीच उचलता, हे खरं. पण तो उचलण्याची इच्छा कधी जागी होते ते मेंदूने आधीच शिकून ठेवलेलं असतं. वर्षानुवर्षं ज्या चेहऱ्यांसोबत, ज्या वेळी, ज्या जागी दारू मिळाली, ते चेहरे आणि त्या जागा हेच इशारे बनतात. ‘बसायचं का?’ एवढा मेसेज आला तरी तोंडाला पाणी सुटणं, छातीत धडधडणं, अस्वस्थ वाटणं सुरू होऊ शकतं. यात मित्राने आग्रह करण्याचीही गरज नसते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अॅलन मार्लेट यांनी रिलॅप्स (सोडलेली नशा पुन्हा सुरू होणं) कोणत्या प्रसंगी होतो याची वर्गवारी केली. वाईट मनःस्थिती, माणसांशी झालेले वाद आणि सामाजिक दबाव या तीन गटांत त्यांना सुमारे तीन चतुर्थांश प्रसंग सापडले. दबावाचेही त्यांनी दोन प्रकार सांगितले. पहिला उघड : ‘घे रे, एकाने काय होतं.’ दुसरा मूक : कोणी काही म्हणत नाही, पण समोर सगळे पीत असतात. लोक पहिल्याची तयारी करून जातात आणि दुसऱ्यात सापडतात. ‘कुणी आग्रहच केला नाही हो, तरी कशी घेतली कळलं नाही’ हे वाक्य समुपदेशकांच्या फार ओळखीचं आहे.

२०१० साली प्रसिद्ध झालेल्या, बारा हजारांहून अधिक माणसांच्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात मित्र आणि नातेवाईक यांच्या पिण्याचा माणसाच्या पिण्याशी संबंध दिसला. शेजारी आणि कामावरचे सहकारी यांच्या पिण्याचा तसा लक्षणीय संबंध दिसला नाही. पिणारा पिणाऱ्याला शोधतो हेही त्यात आलंच, त्यामुळे सगळा दोष संगतीवर टाकता येत नाही. तरी पहिल्या महिन्यांत आधी कुठे लक्ष द्यायचं ते यातून कळतं.

‘पहिले महिने’ म्हणजे नेमके किती?

मानसोपचारात वापरल्या जाणाऱ्या अमेरिकन निकषांनुसार ३ महिने ते १२ महिन्यांपर्यंत व्यसनाची लक्षणं दिसली नाहीत (तलफ सोडून) तर ती सुरुवातीची मुक्तता. १२ महिन्यांनंतर टिकलेली मुक्तता. मित्रांच्या बाबतीत सगळ्यात जपायचे असतात ते पहिले ९० दिवस. त्या काळात झोप बिघडलेली असते, चिडचिड असते, आणि नाही म्हणण्याची सवय अजून लागलेली नसते.

कोणाला जवळ ठेवायचं, कोणाला लांब, हे ठरवायचं कसं?

डोक्यात ठरवू नका, कागदावर करा. अर्धा तास पुरतो. गेल्या सहा महिन्यांत ज्यांच्याशी भेट किंवा फोन झाला अशा सगळ्यांची नावं लिहा. प्रत्येक नावापुढे चार गोष्टी लिहायच्या. तो माझ्यासमोर पितो का? आम्ही दारूशिवाय शेवटचं कधी भेटलो? मी सोडली हे कळल्यावर तो काय म्हणाला? आणि रात्री ११ वाजता फोन केला तर तो उचलेल का?

दुसरा प्रश्न सगळ्यात बोलका ठरतो. कित्येक नावांपुढे जागा कोरीच राहते. ही मैत्री खोटी होती असा त्याचा अर्थ काढू नका. दारू बाजूला केल्यावर त्या नात्यात काय उरतं ते तुम्ही दोघांनीही अजून पाहिलेलं नाही, एवढंच त्यातून कळतं.

मग तीन गट करा. पहिल्यात न पिणारे, आणि पिणारे असले तरी तुमच्यासमोर ग्लास बाजूला ठेवणारे. दुसऱ्यात मनाने चांगले पण पिणारे. यांना भेटायचं तर दिवसा, दारू नसलेल्या जागी, उठायची वेळ आधी ठरवून. तिसऱ्यात पुरवणारे, थट्टा करणारे, ‘तुला कुठे एवढं व्यसन होतं’ म्हणणारे, आणि स्वतःही वाहवत गेलेले. तिसऱ्या गटाला किमान ९० दिवस भेट नाही, फोन नाही. नशेचा माल ज्याच्याकडून घेत होता तो माणूस मित्र असला तरी त्याच्यासाठी मुदत वगैरे नाही. त्याचा नंबर ब्लॉक करायचा, आणि शक्य असेल तर स्वतःचा नंबरही बदलायचा.

यादी एकट्याने करू नका. समुपदेशक, स्पॉन्सर (स्वमदत गटातला वाट दाखवणारा जुना सदस्य) किंवा घरातलं एक माणूस समोर असू द्या. एकट्याने केली की तिसऱ्या गटातलं एखादं लाडकं नाव हमखास दुसऱ्या गटात जातं.

मित्रांना सांगायचं काय? सगळं सांगावं का?

सगळ्यांना सगळं सांगायची गरज नाही. जवळच्या दोघा-तिघांना स्पष्ट सांगा, आणि सोबत नेमकी विनंती करा. ‘मला साथ दे’ म्हटलं तर समोरच्याला काय करायचं ते कळत नाही. ‘तीन महिने मला रात्रीच्या बैठकीला बोलावू नकोस, रविवारी सकाळी चालायला येत जा’ हे कळतं.

बाकीच्यांसाठी ‘मी घेत नाही आता’ एवढं पुष्कळ झालं. पोट बिघडलंय, गोळ्या चालू आहेत, डॉक्टरांनी महिनाभर बंद सांगितलंय अशी कारणं अडचणीच्या क्षणी चालतात, पण त्यांना मुदत असते. गोळ्या संपल्या की तोच मित्र बाटली घेऊन हजर, आणि आता नवं कारण शोधायची पाळी तुमच्यावर. नेहमीच्या माणसांना खोटं कारण न दिलेलं बरं.

‘एकच घे, माझ्यासाठी’ म्हणणाऱ्याला उत्तर काय द्यायचं?

उत्तर छोटं, लगेच, आणि डोळ्याला डोळा देऊन. ‘नको, मी घेत नाही.’ उशीर केला की समोरच्याला वाटतं, थोडं ओढलं तर येईल. लांबलचक कारण दिलं की तो त्या कारणाशी वाद घालतो, आणि वादात पिणारा सहसा हरत नाही.

पुन्हा आग्रह झाला तर तेच वाक्य, तितक्याच शांतपणे : ‘नको म्हटलं ना. तुझं काय चाललंय ते सांग.’ तिसऱ्यांदा झाला तर थेट त्या माणसाला थांबवायचं : ‘हे परत विचारू नकोस, मला त्रास होतो.’ चौथ्या वेळी उत्तर द्यायचंच नाही, उठायचं. घरात कोणाला तरी समोर बसवून ही तिन्ही उत्तरं मोठ्याने म्हणून बघा. पाच-सहा वेळा म्हटली की तोंडात बसतात. हसू येतं, येऊ द्या. प्रसंगाच्या वेळी नवीन वाक्य सुचत नाही, घोटलेलंच बाहेर येतं.

‘कधीतरी बघू’, ‘आज नको’ हे मात्र टाळा. ‘आज नको’ म्हटलं की उद्याचं आमंत्रण दिल्यासारखं होतं.

जिवलग मित्राचं लग्न आहे. टाळता येणार नाही. काय करू?

पहिल्या महिन्यात असाल तर आमचं स्पष्ट मत, मुख्य विधीला जा आणि पार्टी सुरू होण्याआधी निघा. मित्राला आधीच सांगून ठेवा. खरा मित्र असेल तर रुसवा फार दिवस ठेवणार नाही.

नंतरच्या महिन्यांत जायचं असेल तर तयारीने जा. पोट भरून जा, कारण भूक आणि तलफ सुरुवातीला एकमेकींसारख्याच वाटतात. तुमचं ठरलेलं ठाऊक असलेला एक न पिणारा माणूस सोबत ठेवा. परतीचं वाहन स्वतःच्या हातात हवं. पिणाऱ्याच्या गाडीतून गेलात तर तो उठेपर्यंत तुम्हीही अडकलात. पोचल्या पोचल्या हातात साधं पेय घ्या, म्हणजे रिकामा हात बघून कोणी काही आणून देणार नाही. ते पेय स्वतः ओतून घ्या, आणि बाजूला ठेवून कुठे गेलात तर परत आल्यावर तेच उचलू नका. उठायची वेळ आधीच ठरवा. तास-दीड तास भरपूर होतो. सोबतच्या माणसाशी एक खूण ठरवून ठेवा, ती केली की दोघांनी कारण न देता निघायचं.

बिनअल्कोहोल बिअर हा प्रश्न इथेच येतो. पुष्कळ देशांत ०.५ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेलं पेयही त्या नावाने विकता येतं. मुख्य अडचण मात्र वासाची, चवीची आणि ग्लासाच्या आकाराची आहे, तेही इशारेच. पहिल्या वर्षात नको.

व्हॉट्सअॅप ग्रुपचं काय?

बैठकी ठरवण्यासाठीच असलेल्या ग्रुपमधून बाहेर पडा. शाळा-कॉलेजचा मिश्र ग्रुप असेल तर म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाका. शुक्रवारी आणि शनिवारी संध्याकाळी तो उघडायचा नाही.

तलफ आली की मित्राला फोन करा म्हणतात. फोन करून बोलायचं काय?

तलफ लाटेसारखी चढते आणि ओसरते. बहुतेक वेळा १५ ते ३० मिनिटांत तिचा जोर कमी होतो. फोनचा उपयोग तेवढा वेळ काढण्यासाठी. सल्ला मिळालाच पाहिजे असं नाही.

पहिलं वाक्य ठरवून ठेवा, कारण त्या क्षणी लाज वाटते आणि माणूस ‘सहज केला’ म्हणून फोन ठेवून देतो. असं म्हणा : ‘मला आत्ता प्यावंसं वाटतंय. वीस मिनिटं बोलत राहशील?’ मग कुठे आहात, आज काय खाल्लंत, कोणाशी वाजलं का, रात्री झोप झाली का, हे सांगा. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चारांपैकी काहीतरी त्यात बहुधा सापडतंच, आणि त्यावर लगेच काहीतरी करता येतं : खा, चाला, कोणाकडे तरी जा, झोपा.

फोनसाठी तीन नावं ठेवा, एक नाही. एकच असलं आणि त्याने उचलला नाही की तो ‘बघा, कोणाला पडलेली नाही’ याचा पुरावा होऊन बसतो. तिघांनाही आधी विचारून ठेवा. आणि तलफ नसतानाही रोज एक फोन करा. बरं असताना सवय झालेली असली तरच बिकट वेळी बोट त्या नंबरवर जातं.

न पिणारे नवे मित्र या वयात आणायचे कुठून?

सगळ्यात जवळची जागा म्हणजे स्वमदत गट. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस (एए) १९३५ साली अमेरिकेत सुरू झालं ते दोन दारुड्यांनी एकमेकांशी बोलण्यातून, आणि आजही त्याचा गाभा तोच आहे. २०२० च्या कोक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासणारा आढावा) असं दिसलं की एएमध्ये जाण्यासाठी तयार करणारे पद्धतशीर उपचार पूर्ण दारूबंदी टिकवण्यात इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले. यामागच्या कारणांवर झालेल्या संशोधनात एक कारण ठळक आहे : माणसाची संगत बदलते. संशोधक मार्क लिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात तर संगतीत न पिणाऱ्या एका माणसाची भर पडली तरी पुढच्या वर्षात दारूपासून दूर राहण्याची शक्यता २७ टक्क्यांनी वाढलेली आढळली. सगळी मित्रमंडळी नव्याने जमवायची म्हणून धास्तावलेल्याला आम्ही हा आकडा आवर्जून सांगतो. सुरुवात एकापासून करायची.

मीटिंगला जाऊनही मैत्री होत नाही, अशी तक्रार असते. बहुतेकदा ती माणसं वेळेवर येतात आणि संपताच निघतात. दहा मिनिटं आधी पोचा, खुर्च्या लावायला हात लावा, संपल्यावर पंधरा मिनिटं थांबा, आणि रोज एक नंबर घ्या. ओळखी त्या पंचवीस मिनिटांत होतात. एक मीटिंग आवडली नाही तर दुसऱ्या गटात जाऊन बघा. सहा वेळा गेल्याशिवाय मत बनवू नका.

एएची बाराचरणी (बारा पायऱ्यांची) पद्धत मनाला पटत नसेल तरी हरकत नाही. जिथे दर आठवड्याला तीच माणसं भेटतात आणि पिण्याचा संबंध नसतो अशी कोणतीही जागा चालते : खेळाचा संघ, गाण्याचा वर्ग, वाचनालयातलं काम, चालण्याचा गट. वेळ मात्र तीच निवडा जी पूर्वी पिण्याची होती.

माझ्यासोबत केंद्रात असलेला मित्र पुन्हा प्यायला लागला. त्याला सोडवायला जाऊ का?

एकटे जाऊ नका. पिऊन असलेल्या माणसाची समजूत घालायला गेलेला नवा सोबर (नशेपासून दूर असलेला) माणूस बऱ्याचदा त्याच्याच शेजारी बसलेला सापडतो. फोनवर सांगा, ‘तू शुद्धीत असशील तेव्हा बोलू, मीटिंगला सोबत जाऊ.’ भेटायचंच असेल तर दुसऱ्या, जुन्या सोबर माणसाला घेऊन जा. त्याचा जीव धोक्यात वाटत असेल तर मात्र वाट बघू नका, त्याच्या घरच्यांना आणि डॉक्टरांना लगेच कळवा.

सोबत बरे होणाऱ्यांमध्ये प्रेम जुळणं हेही याच कप्प्यातलं. पहिलं वर्ष नवं प्रेमप्रकरण नको असा स्वमदत गटांत प्रघात आहे. तो काही शास्त्रीय नियम नाही, पण शहाणपणाचा आहे. दोघांचं बरं होणं एकमेकांवर टेकलेलं असलं की एक घसरल्यावर दुसऱ्याचाही तोल जातो. स्पॉन्सर शक्यतो अशा व्यक्तीला करा जिच्याबद्दल आकर्षण निर्माण होण्याची शक्यता नाही.

औषधं घेतो म्हणून गटातले मित्र ‘तू खरा सोबर नाहीस’ म्हणतात.

त्यांचं ऐकून औषध बंद करू नका. अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन हे मान्य उपचार आहेत आणि त्यांनी मृत्यू कमी होतात. औषधाचा निर्णय तुमचा आणि डॉक्टरांचा. तसं बोलणं थांबत नसेल तर गट बदला.

मी स्वतः नशा सोडणाऱ्या माणसाचा मित्र आहे. मी काय करू, काय टाळू?

सगळ्यात आधी : रोज भरपूर पिणाऱ्याला ‘आजपासून एकदम बंद’ असं बजावून घरात कोंडू नका. शेवटच्या पेगनंतर साधारण ६ ते २४ तासांत थरथर, घाम, मळमळ सुरू होते. ६ ते ४८ तासांत झटके येऊ शकतात. दोन ते चार दिवसांत भास आणि भ्रम होऊ शकतो, आणि तो जिवावर बेततो. सोडवणं डॉक्टरांच्या देखरेखीखाली हवं.

लपवून जेवणात गोळी मिसळू नका. डायसल्फिरॅम (दारू सोडवण्यासाठी दिली जाणारी गोळी) पोटात असताना दारू गेली तर चेहरा लाल होणं, धडधड, उलट्या, रक्तदाब कोसळणं असं गंभीर काही होऊ शकतं. शेवटच्या गोळीनंतर १४ दिवसांपर्यंत हा धोका राहतो. गोळी फक्त त्याच्या माहितीने आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून.

बाकी गोष्टी सोप्या आहेत. त्याच्यासमोर पिऊ नका. भेटीची जागा तुम्ही सुचवा. रोख पैसे उसने देऊ नका. गरज खरी असेल तर बिल परस्पर भरा. कामावर, घरी त्याच्यासाठी खोटं बोलू नका. तोंडाचा वास घेणं, खिसे तपासणं हे मित्राचं काम नाही, त्याने तो फक्त चांगला लपवायला शिकतो. फोन आला आणि तो म्हणाला ‘प्यावंसं वाटतंय’, तर भाषण नको. ‘बरं झालं फोन केलास. कुठे आहेस?’ इथून सुरुवात करा. तुम्हीच थकून गेला असाल तर अल-अॅनॉनसारखे गट व्यसनी माणसाच्या नातेवाईक-मित्रांसाठीच आहेत.

चुकून एकदा घेतली. मित्रांना सांगितलं तर सगळं संपेल ना?

न सांगितलं तर संपण्याची शक्यता जास्त. ‘एक घेतलीच आहे, आता काय उरलं’ या विचारामुळे एक ग्लास आठवडाभराच्या पिण्यात बदलतो. त्याच दिवशी, शक्यतो तासाभरात, एकाला फोन करा आणि तीन गोष्टी सांगा : काय घेतलं, किती घेतलं, आत्ता कुठे आहे. मग ती जागा सोडा. दुसऱ्या दिवशी त्या आधीच्या चोवीस तासांत काय काय झालं ते त्याच्यासोबत लिहून काढा.

हेरॉइनसारख्या अफूजन्य पदार्थांच्या बाबतीत धोका फार वेगळा आहे. काही दिवस-आठवडे बंद ठेवलं की शरीराची सहनशक्ती उतरते, आणि पूर्वीचाच डोस श्वास थांबवू शकतो. केंद्रातून सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे म्हणूनच जीवघेणे ठरतात. जवळच्या मित्राला नालोक्सोन (अफूजन्य पदार्थाचा परिणाम उलटवणारं औषध) कसं द्यायचं ते शिकवून ठेवा. माणूस उठत नसेल, ओठ निळे पडले असतील, श्वास घरघरत किंवा थांबत असेल तर आधी रुग्णवाहिका बोलवा, नालोक्सोन हाताशी असेल तर द्या, श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. ‘झोपू दे, उतरेल’ म्हणून एकटं सोडायचं नाही. नालोक्सोनचा परिणाम अर्ध्या-दीड तासात ओसरू शकतो, म्हणून तो उठून बसला तरी दवाखान्यात न्यायचंच.

जुन्या पिणाऱ्या मित्रांना पुन्हा कधी भेटता येईल?

तारीख सांगता येत नाही, पण तपासून बघायला काही प्रश्न आहेत. ९० दिवस पूर्ण झालेत का? गेल्या महिन्यात तलफ येऊनही तुम्ही फोन करून ती काढलीत का? त्याला भेटण्यामागे त्याची आठवण आहे, की त्या वातावरणाची? स्पॉन्सरला किंवा समुपदेशकाला ही भेट सांगायला संकोच वाटतोय का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर अजून वेळ आहे.

पहिली भेट एका वेळी एकाच मित्राची, टोळक्याची नाही. सकाळी, तासाभराची. जाण्याआधी एक फोन, परत आल्यावर एक फोन. त्या रात्री झोप कशी लागली आणि दुसऱ्या दिवशी मनात काय घोळत होतं ते लिहून ठेवा, कारण भेटीचा परिणाम पुष्कळदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जाणवतो. अस्वस्थ वाटलं तर पुढची भेट महिनाभर ढकला, आणि त्या मित्राला कारणासकट तसं सांगा.